मेजावरची हळद

लता आरवाडे कुठल्याही जुन्या मेजाला किंवा कपाटाला हात लावण्याआधी बराच वेळ त्याच्यासमोर नुसती बसून राहायची. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनपासून अर्ध्या तासावर, टेकडीच्या कुशीत एक गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याचं जुनं गवताचं कोठार तिने भाड्याने घेतलं होतं. पूर्वी तिथे गाईंचा चारा भरत. अजूनही हवा दमट झाली की भिंतींना वाळल्या गवताचा वास सुटे. त्यात सरसाचा, मेणाचा, लाखेचा वास मिसळला की आपण जागे आहोत की डोळा लागलाय, हे लताला पटकन सांगता येत नसे. तिला ते सांगायची घाईही नसे.

ती मूळची मिरजेची. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं घर. शाळेतून येताना पाय आपोआप त्या गल्लीत रेंगाळत. भोपळे वाळत पडलेले असत, कुठे दांडीला पटाशी लागलेली असे, आणि एखादा म्हातारा कारागीर तंबोऱ्याच्या गळ्यावर पांढऱ्या पानाफुलांची नक्षी बसवत असे. एवढंसं पान चिमट्याने उचलून तो जागेवर ठेवी, वर अंगठा दाबी. अंगठा उचलला की पान तिथेच उगवलेलं दिसे. पोरीला वाटे, हे पान आधीपासून लाकडाच्या आत होतं, म्हाताऱ्याने त्याला नुसतं वर बोलावलं. घरी उशीर झाला म्हणून पाठीत धपाटे बसत, पण दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तिथेच.

लग्न होऊन ती श्रीनाथबरोबर जर्मनीत आली. श्रीनाथ त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात मोटारींचे गिअरबॉक्स बघायचा. तो सकाळी जाई आणि लता खिडकीत बसे. पुढे केया झाली, केया शाळेत जायला लागली, आणि दिवस पुन्हा रिकामा झाला. तेव्हा एके दिवशी ही बाई उठली आणि जुनं फर्निचर दुरुस्त करण्याच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे हाताने शिकायच्या अभ्यासक्रमाला, जाऊन बसली. वर्गातली सगळी पोरं मिसरूड न फुटलेली. ती तिला ‘मामा लता’, म्हणजे लताआई, म्हणत आणि डब्यातला उपमा खाऊन टाकत. हिने मात्र करवत धरली ती धरलीच. आता त्या पट्ट्यात कुणाच्या घरात जडावाचं जुनं काम असलं आणि त्यातलं फूल निखळलं, तर लोक एकमेकांना सांगत, कोठारवाल्या भारतीय बाईकडे जा, हळू करते पण करते.

तर त्या वर्षी उन्हाळा सरताना तिच्याकडे ते मेज आलं.

मेज इंग्लंडचं, सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचं. उंचीला माणसाच्या छातीएवढं, पाय हरणासारखे बारीक. समोर एक उभी फळी. किल्ली फिरवून ती फळी पुढे पाडली की तीच लिहायची जागा होई, आणि आत कागदांचे, शाईचे, टाकांचे छोटे छोटे कप्पे दिसत. अंग सगळं सॅटिनवुडचं, मधात दूध मिसळावं तशा रंगाचं. ते लाकूड जहाजातून आलेलं. कुणी म्हणे वेस्ट इंडिजहून, कुणी म्हणे मलबारकडून. आणि समोरच्या फळीवर, अगदी मधोमध, एक पुष्पगुच्छ. पानं हिरवट, देठ शिसवी, आणि फुलं हॉली नावाच्या झाडाच्या पांढऱ्या लाकडाची. कागदासारख्या पातळ पापुद्र्यातून एकेक पाकळी कापलेली. आपल्याकडे फुटाणेवाला तापल्या वाळूत हरभरे खालीवर करतो ना, तसे ते कारागीर पाकळीची एक कड तापल्या वाळूत बुडवत. कड करपून तपकिरी होई आणि सपाट पाकळीला सावली येई. लांबून बघणाऱ्याला वाटे, वाऱ्याने फूल जरा वळलं.

लता त्याच्यासमोर बसली की ते घर तिला दिसू लागे. दोन्ही बाजूंनी झाडं असलेला लांब रस्ता, गवतावरून चरत सरकणारी मेंढरं, उंच खिडक्यांची रांग. आत एक खोली, फक्त सकाळी वापरायची. उजेड पूर्वेकडून येतो, गालिच्यावर लोळतो. घरची बाई मेजाशी येते, किल्ली फिरते, फळी पडते. बाईच्या बाहीची लेस त्या फुलांच्या मागच्या बाजूवर घासते. ती कुणाला लिहिते, काय लिहिते, ते लताला कधी दिसत नसे. टाकाची कुरकुर तेवढी ऐकू येई. मग बाहेरच्या अंगणात शेतकऱ्याचा ट्रॅक्टर सुरू होई आणि घर विरघळून जाई.

मेजाची मालकीण फ्राऊ रुऑफ, म्हणजे रुऑफबाई. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, बोलणं कोरडं. जन्मभर शेजारच्या गावातल्या शाळेत मुलांना गणित शिकवलेलं. आता ती वृद्धांच्या घरात राहायला निघाली होती, नाताळाआधीचा ॲडव्हेंट सुरू होण्याच्या आत. तिथल्या खोलीत पलंग त्यांचाच असतो. आपल्या घरून एकच मोठी वस्तू नेता येते.

"सगळ्यांना वाटलं मी टीव्ही नेणार," ती लताला म्हणाली होती. "मी हे नेणार. फळीवरचं पॉलिश काळं पडलंय, तेवढं करा. बाकी जसं आहे तसं परत हवं. जसं आहे तसं. कळलं?"

"शब्द देते," लता म्हणाली होती. त्या भागात कामाचा कागद झाला तरी शब्द वेगळा मोजतात, हे तिला ठाऊक होतं.

सप्टेंबरात श्रीनाथची आई सांगलीकडून तीन महिन्यांसाठी आली. नंदाबाई. नवरा गेल्यापासून दरवर्षी यायची. अंगाने किरकोळ, जिभेने खणखणीत. घरात बसून कंटाळा यायचा म्हणून लता तिला रोज कोठारात घेऊन जाई. नंदाबाई खुर्चीत बसून जप करी आणि मध्येच विचारी, "अगं, आठवडा झाला, अजून त्याच पाकळीवर आहेस?"

"अहो आई, घाई केली तर मोडेल ती."

"मोडू नको बाई. मी नुसतं विचारलं."

खंडेनवमीच्या दिवशी लताला पापुद्र्यांचं लाकूड आणायला कार्ल्सरूहेला जायचं होतं. फळीवरचं काळं पॉलिश तिने आदल्याच दिवशी उतरवलं होतं. फुलं उघडी झाली होती, नुकतीच न्हालेल्या लेकरासारखी. नंदाबाई म्हणाली, "तू जा. मी इथेच बसते. मला माझं काम आहे."

लता दुपारी परतली. दार ढकललं तर उदबत्तीचा वास.

"आलीस? बूट बाहेर काढ," आतून हुकूम आला. "हत्यारं झोपलीत. उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही."

लता आत गेली आणि तिला हसूच फुटलं. पाटावर पांढरं फडकं घालून नंदाबाईने करवती, पटाशा, रंधे, चिमटे सगळे ओळीने निजवले होते. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर एक झेंडूची पाकळी. सरसाच्या भांड्यालासुद्धा बोट लावलेलं. मिरजेच्या गल्लीत आजच्या दिवशी असंच चित्र असायचं. तिच्या पोटात एकदम ऊब आली.

मग तिची नजर मेजाकडे गेली.

उघड्या फळीवर, पांढऱ्या फुलांवरून, खालून वर ओढलेली हळदीची पाच बोटं. ओली हळद. वाळून ती लाकडात केव्हाच उतरली होती.

"आई," लता म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मेजाला पण?"

"मग? लिहायचंच आहे ना ते? म्हणजे सरस्वतीचं आसन. हत्यारांना लावायचं आणि तिला उपाशी ठेवायचं? तुझी ती मडम घर सोडून चाललीय म्हणालीस. म्हटलं, म्हातारीची वस्तू चांगलं लावून पाठवावी." नंदाबाई उठून जवळ आली आणि कौतुकाने बघू लागली. "आणि हळद बघ. घरची आहे. इथल्या डबीत मिळते तो नुसता भुसा. ही बघ, रंग कसा धरलाय!"

"हो आई," लता म्हणाली. "छान धरलाय."

आणि ती बाहेर येऊन शेतकऱ्याच्या सफरचंदाच्या झाडाखाली उभी राहिली. खाली पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या फिरत होत्या. काय काय करता येईल, ते तिने मनात एकेक करून पाहिलं. पाण्याने पुसावं तर सरस फुगेल आणि पाकळ्या उठतील. स्पिरिटने हळद विरघळेल, पण विरघळून आणखी खोल जाईल. खरवडावं तर पापुद्रा आधीच कांद्याच्या सालीएवढा उरलेला. हळदीबरोबर वाळूतली ती सावलीही जाईल, आणि पाकळी कायमची आंधळी होईल. जसं आहे तसं परत हवं, म्हातारी म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. श्रीखंड-पुरीचं जेवण. आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून श्रीनाथने दारातल्या झुडपाची पानं तोडून आणलेली. लता त्याच्याशी हळू आवाजात जर्मनमध्ये बोलत होती. केयाने पुरी मोडता मोडता मान वर केली आणि म्हणाली, "दास गेट नी विडर राउस."

"काय म्हणते ती?" नंदाबाईने विचारलं.

श्रीनाथने पुऱ्यांचं ताट तिच्याकडे सरकवलं.

"माझ्यापासून काही लपवायचं असलं की तुम्ही सगळे त्या भाषेत शिरता," नंदाबाई म्हणाली. "पण झेक्रेटेअर म्हणजे ते मेज, एवढं मला इतक्या वर्षांत कळायला लागलंय. काय झालं मेजाला?"

श्रीनाथने बायकोकडे पाहिलं, मग ताटाकडे. "आई, ती हळद निघत नाहीये. केया म्हणते, कधीच निघणार नाही."

नंदाबाईने हातातली वाटी खाली ठेवली. "म्हणजे मी डाग पाडला."

"तसं नाही आई..."

"तसंच आहे. लता, तू काल म्हणालीस छान धरलाय."

"मग काय म्हणणार होते मी तुम्हाला? सणाच्या दिवशी?"

म्हातारी जेवण अर्धं टाकून खोलीत गेली. रांगोळी तशीच, झेंडूचं तोरण तसंच, आणि घर मात्र पाहुणे निघून गेल्यासारखं झालं.

सकाळी लता चहा करत होती तर नंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. केस विंचरलेले, पदर खोचलेला. "काय गं, तुझ्या हळदीच्या दिवशीची साडी पांढरी होती की नाही?"

"होती."

"तिच्यावरची हळद कुठे गेली?"

लताचा हात थांबला. तिच्या आईने ती साडी धुवून गच्चीवर टाकली होती. मिरजेचं रखरखीत ऊन. संध्याकाळपर्यंत पिवळा रंग उडून गेलेला. "उन्हात," ती म्हणाली.

"मग? साबण हरेल, सोडा हरेल, उन्हापुढे हळद टिकत नाही. ही गोष्ट पोरीबाळींना माहीत असते. एवढं शिकून विसरलीस होय?"

"विसरले आई," लता म्हणाली, आणि पहिल्यांदाच दोघी हसल्या.

बिजागऱ्या सोडवून लताने फळी मेजापासून वेगळी केली. बाकीच्या लाकडाचा रंग उन्हाने जाऊ नये म्हणून तिने काळ्या कागदाचं आवरण कापलं, त्याला बरोबर पाच बोटांएवढी भोकं पाडली. ऑक्टोबरात ऊन पडे ते कोवळं, तिरपं, पाहुण्यासारखं. दारात येऊन लगेच निघायच्या घाईचं. कोठाराच्या पायरीवर ते आलं की फळी पायरीवर, भिंतीकडे सरकलं की फळी भिंतीशी. आणि जोडीला काठी घेऊन नंदाबाई. सांडगे-कुरडयांचं वाळवण राखावं तशी ती फळी राखत बसे. शेतकऱ्याच्या मांजराची त्या दिवसांत काही खैर नव्हती.

संध्याकाळी कागद उचलून दोघी बघत. "उतरलं ना गं?" "उतरलंय थोडं." गर्द पिवळ्याचा लिंबाचा रंग झाला, लिंबाचा सायीचा होऊ लागला. लताला त्या दिवसांत एक स्वप्न वारंवार पडे. त्या इंग्लंडातल्या घराच्या उंच खिडक्या एकामागून एक उघडत आहेत, आणि प्रत्येक खिडकीतून ऊन बादलीने ओतल्यासारखं गवतावर पडतंय. ती हात पसरून धावते. ऊन हाताला लागतं, पण धरून ठेवता येत नाही.

आणि मग नोव्हेंबर लागला आणि धुकं उतरलं.

एकदा उतरलं की त्या खोऱ्यातलं धुकं आठवडाभर उठत नाही. चर्चचा मनोरा गेला, टेकडी गेली, शेवटी अंगणातलं झाडही गेलं. फळी पायरीवर ठेवून उपयोग नव्हता. पाच बोटं अजून दिसत होती. जवळ जाऊन बघणाऱ्याला तर स्पष्ट दिसत होती. फ्राऊ रुऑफचा जायचा दिवस पुढल्या सोमवारी होता.

"मी जाऊन सांगते तिला," लता म्हणाली.

"मी पण येते."

"नको आई. आधी मला एकटीला जाऊ द्या."

फ्राऊ रुऑफच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. लताने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं, कारण मध्ये थांबलं तर पुन्हा सुरुवात होणार नाही असं तिला वाटलं.

फ्राऊ रुऑफ ऐकत होती. तिचे ओठ बारीक होत गेले. "कुणी केलं?"

"माझ्या सासूबाईंनी."

"का?"

"आमच्याकडे वर्षातून एकदा कामाच्या वस्तूंची पूजा करतात. ज्या वस्तू आपलं पोट भरतात, त्यांचे आभार मानायचे. त्या दिवशी त्यांना विश्रांती. हळद हे शुभ असतं."

"आणि माझं मेज ही कामाची वस्तू?"

"लिहिण्याची," लता म्हणाली.

म्हातारी खिडकीबाहेर धुक्याकडे बघत राहिली. "फ्राऊ आरवाडे, हे मेज इंग्लंडातल्या ज्या घरातलं, माझी आई त्या घरात मोलकरीण होती. माहीत आहे ना तुम्हाला? लढाईनंतर. ते ‘हाउस’ एवढंच म्हणायची ती, नाव कधी घेतलं नाही. रोज सकाळी त्या खोलीतल्या वस्तू पुसायचं काम तिचं. चमकत्या लाकडावर एका बोटाचा ठसा राहिला तर घरची मुख्य दासी सगळ्यांसमोर बोलायची. दोन वर्षं माझ्या आईने त्या मेजावर एक ठसा राहू दिला नाही. आणि तुम्ही मला पाचही बोटं परत देता?"

म्हातारी लताकडे वळली.

"मी तुमच्या शब्दावर दिलं होतं."

"हो."

"शहरातल्या दुकानदाराला नाही दिलं."

"हो." लता म्हणाली, "थोडं ऊन हवं आहे. चांगलं, लखलखीत, एक दिवसाचं. खाली नाहीये. वर श्वार्त्सवाल्डच्या डोंगरमाथ्यावर असतं, धुक्याच्या वर. उद्या मी फळी घेऊन तिथे जाते. मला तेवढा एक दिवस द्या."

"आणि तुमची सासू?"

"त्या येणारच. फळी राखायला."

"गेनाऊ. बरोबर," फ्राऊ रुऑफ म्हणाली आणि भिंतीवरच्या एकाच उरलेल्या खुंटीवरून तिने आपला कोट काढून खुर्चीवर तयार ठेवला. "मग मी पण येणार. यावेळी माझ्या डोळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी मोटार धुक्यातून चढत होती. पुढे लता, मागे दोन म्हाताऱ्या, आणि त्यांच्यामध्ये गोधडीत गुंडाळलेली फळी. नंदाबाईच्या नऊवारीवर श्रीनाथचं जाड जॅकेट, डोक्याला मफलर. फ्राऊ रुऑफने तिला नमस्कार केला तो मान अर्धा इंच हलवून.  रस्त्याच्या दोन्ही अंगांना देवदारांची काळी खोडं येत आणि जात. खिडकीला थेंब लागत. कुठे चाललोय, वर की खाली, तेही कळेनासं झालं.

आणि एका वळणावर धुकं संपलं.

संपलं म्हणजे असं, की कुणी डोक्यावरून चादर ओढून घेतली. निळं आभाळ. ऊन इतकं की तिघींनी एकदम डोळे मिटले. माथ्यावर गाडी थांबवून उतरल्या तर खाली सगळीकडे पांढरा समुद्र. त्यात गावं बुडालेली, रस्ते बुडालेले, कारखाने बुडालेले. लांब एखाद्या टेकडीचा माथा बेटासारखा वर आलेला. आवाज म्हणून कुठलाच नव्हता.

"अगं बाई," नंदाबाई पुटपुटली. "क्षीरसागर."

लताने लाकडी बाकावर गोधडी पसरून फळी ठेवली, वर काळा कागद घातला. बाकाच्या एका टोकाला नंदाबाई बसली, दुसऱ्या टोकाला फ्राऊ रुऑफ. दोघींमध्ये फुलं. लता गवतावर बसली. ऊन पाठीवर हळूहळू जड होत गेलं.

मेज पुसणाऱ्या आईची गोष्ट लताने नंदाबाईला आदल्या रात्री सांगितली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तिला विचार, हिची आई एवढ्या लांब कशी काय गेली? ही तेव्हा लहानच असणार."

"आई, असं कसं विचारू?"

"विचार. म्हाताऱ्या माणसांना असंच विचारायचं असतं."

लताने जरा मऊ करून विचारलं. फ्राऊ रुऑफने उन्हाकडे तोंड केलेलंच होतं, डोळे मिटलेलेच होते. ती तशीच बोलू लागली. वडील लढाईतून आले नाहीत. घरात आजी, दोन बकऱ्या आणि ती आठ वर्षांची. इंग्लंडात मोठ्या घरांना माणसं हवी होती. आई गेली, पैसे पाठवू लागली. रविवारी दुपारी घरची माणसं झोपत. तेवढ्या वेळात मालकीणबाई तिला त्या मेजाशी बसू देत. तिथून आई मुलीला लिहायची. पुढे ते घर पाडायचं ठरलं, सामान विकायला काढलं, तेव्हा मालकीणबाईने हे मेज मोठ्या खोक्यात बांधून आईच्या पत्त्यावर धाडून दिलं.

"काय लिहायची आई?" नंदाबाईने लताकरवी विचारलं.

"काही नाही. मेंढरं किती झाली. जेवायला काय होतं. दात पडला का. मी पत्र घेऊन बकऱ्यांच्या गोठ्यात बसायचे, म्हणजे आजी मोठ्याने वाचणार नाही."

लताने मराठीत सांगितलं. नंदाबाईने हातातली माळ ओंजळीत गोळा केली. मग म्हणाली, "श्रीनाथ पहिल्यांदा इकडे आला तेव्हा मी पत्र आलं की माळ्यावर जाऊन वाचायची. ह्यांच्यासमोर वाचलं की मध्येच विचारायचे, काय लिहिलंय, काय लिहिलंय." तिने मफलर नीट केला. "हेही सांग तिला."

लताने सांगितलं. फ्राऊ रुऑफने डोळे उघडले आणि नंदाबाईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"आणि हेही सांग," नंदाबाईचा आवाज जरा चढला, "की मी पूजा केली, चोरी केलेली नाही. म्हणून माफी मागणार नाही. पण तिच्या आईच्या जागेवर माझी बोटं राहू नयेत, हे मला पटतं. म्हणून आले."

लताला हे जसंच्या तसं सांगावं लागलं, कारण मऊ करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फ्राऊ रुऑफच्या नाकातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता हे कळायला लताला क्षणभर वेळ लागला. "प्रार्थना करायला हरकत नव्हती," ती म्हणाली. "रंग लावून नको होती. सांगा तिला."

सांगितल्यावर नंदाबाईही हसली, तोंडाला पदर लावून.

दुपार ढळत गेली. खालचा पांढरा समुद्र गुलाबी झाला. देवदारांची सावली बाकापर्यंत येऊन पोचली तेव्हा लता उठली. तिने काळा कागद दोन टोकांना धरला. तो अलगद उचलला.

चार बोटं गेली होती. कुठे होती, हे तिलाही शोधावं लागलं. पाकळ्या पांढऱ्या, वाळूतल्या सावल्या जिथल्या तिथे. पण पाचवं, मोठ्या फुलावरचं, राहिलं होतं. तिथे लाकूड जास्त सच्छिद्र असावं. सायीइतका फिकट, पण पिवळा रंग.

फ्राऊ रुऑफने चष्मा पुसला, लावला आणि फळीवर वाकली. नाक जवळजवळ लाकडाला लागलं. लता उभी होती. नंदाबाईने हातातली माळ घट्ट धरली होती.

"दिसतंय," फ्राऊ रुऑफ म्हणाली.

"हो," लता म्हणाली. "मी खोटं बोलणार नाही. दिसतंय."

म्हातारी सरळ झाली. डोंगराआड अर्धा गेलेला सूर्य तिने पाहिला, घड्याळ पाहिलं नाही. "आल्झो, तर मग. माझी नवी खोली दक्षिणेला आहे. दिवसभर ऊन येतं असं त्यांनी सांगितलंय, मी स्वतः जाऊन बघून आलेय. उरलेलं तिथे होईल. सोमवारी सकाळी आणा."

"पण त्या पाकळीवर आत्ता पॉलिश चढवता येणार नाही. रंग पूर्ण जाईपर्यंत ती उघडीच ठेवावी लागेल."

"मग वसंतात या आणि चढवा. मी तिथेच असणार आहे, मी कुठे जातेय?" आणि तिने गोधडीचं एक टोक उचललं. "उभ्या काय राहिलात? गार पडायला लागलंय, गुंडाळा ती."

तिघींनी मिळून फळी गुंडाळली. नंदाबाईने वरून आपला मफलर काढून बांधला, आणि तिला कुणी अडवलं नाही.

मोटार उतरू लागली. पहिल्या वळणाला ऊन गेलं, दुसऱ्याला धुक्याने काचा झाकल्या. लताने आरशात पाहिलं. दोघी म्हाताऱ्या समोर बघत होत्या. फळी घसरू नये म्हणून एकीचा हात वर होता, दुसरीचा खाली. गाडी जरा जोरात वळली.

"सावकाश गं," नंदाबाई म्हणाली.

"लांगझाम," त्याच क्षणी फ्राऊ रुऑफ म्हणाली.

लताने वेग कमी केला. पुढचा रस्ता चार हात दिसत होता, तेवढा पुरेसा होता.